पुस्तिकेच्या जाडीवरून घेतलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड मी त्याच्यासोबत आलेल्या पुस्तिकेच्या जाडीवरून निवडलं, ही गोष्ट मी बरेच दिवस कोणाला सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत नाही. एकतर पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथं आहे, आणि दुसरं म्हणजे कुसुमला ती कळली आहे. बायकोला कळलेली गोष्ट लपवत राहण्यात नुसते श्रम वाया जातात.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे मलाही ती पुस्तिका अर्धी वाचल्यावर समजलं. संगणकात बसलेला तो एक चित्रं काढणारा कारकून आहे. बाकीचे बेरजा-वजाबाक्या करतात, हा नुसता चित्रं काढतो. सेकंदाला साठ, शंभर, त्याच्याच्यानं होतील तितकी. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांना हा कारकून चपळ लागतो. माझी नात इरावती इंजिनियरिंगला गेली तेव्हा तिला असं कार्ड घेऊन द्यायचं मी कबूल केलं होतं. कोणतं आणायचं ते तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी खिशात घालून मी नवा रायपूरहून बसनं शहरात गेलो. दुकानात पोचल्यावर लक्षात आलं की खिसा दुसऱ्या सदऱ्याचा होता.

दुकानदारानं पुढ्यात दोन डबे ठेवले. एक नारंगी, एक मोरपंखी. दोन निरनिराळ्या कंपन्या. त्यांची नावं मला उच्चारता येत नाहीत, म्हणून त्या रंगांवरूनच सांगतो. "बाबूजी, दोनों एक जैसे हैं, बस उन्नीस-बीस का फर्क है," दुकानदार म्हणाला. घरी फोन करून विचारता आलं असतं, पण दुकानात उभं राहून फोनवर मोठ्यानं बोलायला मला संकोच वाटतो. मी डबे उघडून बघितले. नारंगी डब्यात घडी घातलेला एक कागद होता. मोरपंखी डब्यात एकशे बारा पानांची पुस्तिका होती, आणि तिला शेवटी सूची होती. सरकारी ग्रंथालयात चौतीस वर्षं काढलेल्या माणसापुढं तुम्ही सूची ठेवता, तेव्हा त्याच्याकडून विवेकाची अपेक्षा करू नये.

इरावतीनं मोरपंखी डबा हातात घेतला आणि गरजेपेक्षा एक क्षण जास्त बघितला. मग म्हणाली, "बढ़िया है आबा." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते, इथली सगळीच मुलं देतात. आठवड्यानं कुसुमला धुवायच्या सदऱ्यात चिठ्ठी सापडली. त्यावर नारंगी कंपनीचं नाव तेवढं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

कार्ड बसलं. खेळ सुरू करताना पडद्यावर एक करारनामा आला आणि खाली चौकट: 'मी हे वाचले आहे व मला मान्य आहे.' इरावती त्यावर खूण करणार तोच मी तिचा हात धरला. न वाचता वाचलं म्हणणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. सरकारी नोकरीत तर त्यांना बढत्या मिळतात. पण घरात नको. तिला तीन संध्याकाळी थांबायला लावून मी तो एक्केचाळीस पानी करारनामा वाचला. तो पुरता वाचणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन. एकोणतिसाव्या पानावर एक वाक्य होतं, त्यापाशी माझी पेन्सिल थांबली. या खेळातल्या काही दृश्य-सुविधा फक्त 'भागीदार कंपनीच्या कार्डावर' मिळतील, असं त्यात होतं. भागीदार कंपनी म्हणजे नारंगी.

"हे काय गं?" मी विचारलं.

"कुछ नहीं आबा. उनके कार्ड पे कोहरा पतला दिखता है. सामनेवाला थोड़ा जल्दी दिख जाता है."

खेळ असा: पडक्या किल्ल्यात धुकं, दोन जण एकमेकांना शोधतात, ज्याला दुसरा आधी दिसेल तो जिंकतो. मी पुष्कळ विचार केला. एकच पुस्तक दोघांनी विकत घ्यावं, आणि अमुक दुकानाचा चष्मा असेल त्यालाच शेवटचं प्रकरण दिसावं, असं हे झालं. पण मग कंपनीची बाजूही मनात आली. त्यांच्या माणसांनी खपून ती युक्ती शोधली असेल. ती शेजाऱ्याला फुकट का द्यावी? माझं नेहमी असं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला इतकं पटतं की माझी स्वतःची बाजू कोणती होती तेच आठवत नाही.

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पण पुरानी बस्तीतल्या आमच्या मराठी स्नेह मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला. दरवर्षी हस्ताक्षर, कॅरम आणि रांगोळीच्या स्पर्धा होतात आणि दरवर्षी त्यात तेच साठीपुढचे लोक जिंकतात. तरुणांनी यावं म्हणून सचिव मंदाकिनीताईंनी यंदा संगणक-खेळाची स्पर्धा ठेवली. पंच म्हणून सगळ्यांनी माझं नाव घेतलं. तीस वर्षं मी मंडळाच्या स्पर्धांचा पंच आहे. माझ्या निर्णयाविरुद्ध कधी तक्रार आली नाही, याचा मला थोडा अभिमानही आहे. 'थोडा' हा शब्द कुसुम वाचेल म्हणून लिहिला.

अकरा नावं आली. त्यातली सात मुलांना न विचारता त्यांच्या आयांनी दिली होती. पहिल्या फेऱ्या आपापल्या घरूनच झाल्या आणि अंतिम सामन्याला दोघं उरली: मंदाकिनीताईंचा नातू पुष्कर आणि माझी इरावती. मी पंचपद सोडायला निघालो. ताई म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास कोणाचा आहे दिवाकरराव?" एवढं ऐकल्यावर माणूस विरघळतो. पुष्करचं कार्ड नारंगी, हे मला इरावतीनं सांगितलं.

"आबा, एक रूल बना दो ना," ती म्हणाली. "जो चीज़ एक ही कंपनी के कार्ड पे चलती है, वो दोनों के लिए बंद. सेटिंग में जाके बंद हो जाता है, दो मिनट का काम है. मुझे जिताओ मत. बस बराबर खिलाओ."

मागणी रास्त होती. मी त्या दिवशीच मसुदा लिहायला घेतला. चार दिवसांत त्याची तीन कलमं, दोन 'परंतु' आणि एक परिशिष्ट झालं. आमच्या सरकारी भाषेत फाइलला नस्ती म्हणतात. तशी नस्ती बांधून मी कार्यकारिणीपुढं गेलो.

जाण्याआधी शेजारच्या शालिग्रामांना मसुदा दाखवला. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ माझे कॅरममधले प्रतिस्पर्धी. गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आमच्या मुलानं, सचिननं, हट्टानं परदेशी लेन्स बसवायला लावली, आणि तेव्हापासून मी त्यांना सतत हरवतो आहे.

"म्हणजे पोराजवळ चांगली वस्तू हाय, ते बंद करा म्हणून राहिले तुम्ही?" शालिग्राम म्हणाले. "मग आधी तुमच्या डोळ्यातली लेन्स काढा. वाटीत ठेवा. मग पंचगिरी करा."

"लेन्स औषधोपचार आहे," मी म्हणालो.

"माह्या सोंगट्या दिसून राहिल्या तुम्हाले त्यानं! मले तं डॉक्टरनं देशी बसवली. मी काही बोललो का?"

हा मुद्दा मला इतका लागला की परिशिष्टात आणखी एक परंतु वाढला.

कार्यकारिणीत मी नस्ती वाचून दाखवली. मंदाकिनीताई फार सभ्य बाई आहेत. त्या हळू म्हणाल्या, "नियम चांगलाच आहे. फक्त एक विचारते. इरावतीचं कार्ड कोणतं आहे?"

"मोरपंखी," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझे कान तापले. नातीसाठी नियम वाकवणारा पंच! तीस वर्षांची अब्रू त्या एका शब्दासरशी पाण्यात जाताना मला दिसली. मी म्हणालो, "हा नुसता विचारार्थ मसुदा होता. मी तो मागं घेतो," आणि नस्तीची नाडी बांधली. ती बांधताना दोनदा सुटली.

घरी इरावती जेवायच्या टेबलाशी वाट बघत होती. "समितीत नियम पडला," मी म्हणालो. ती ताट उचलून आत गेली.

कुसुम पोळी लाटता लाटता म्हणाली, "समितीत पडला, का तुम्हीच पाडला?"

"लोक काय म्हणतील, कुसुम? माझी नात—"

"सचिनच्या वेळेस पण हेच म्हणाले होते तुम्ही."

सचिन समोरच जेवत होता. इरावतीचा बाप, वीज कंपनीत इंजिनियर, स्वभावानं माझ्यासारखाच कमी बोलणारा. तो सातवीत असताना हस्ताक्षर स्पर्धेला बसला होता आणि परीक्षक मी होतो. त्याचा आणि एका मुलीचा, असे दोनच कागद शेवटी उरले. मी त्याला दुसरा नंबर दिला. पहिला दिला असता तर लोक काय म्हणाले असते, हाच विचार तेव्हाही होता. खरा पहिला कोण होता, हे मी बघितलंच नव्हतं. बघितलं आणि तोच पहिला निघाला तर काय करायचं, ही भीती होती. तीस वर्षं घरात हा विषय निघाला नव्हता. सचिन मान खाली घालून वरण-भात कालवत राहिला.

स्पर्धेच्या रविवारी सचिनला सकाळची ड्यूटी होती. तो परस्पर मंडळात येणार होता. मी आणि इरावती संगणक घेऊन बसनं निघालो. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस परगावचा वाटतो, पण बस तासाला एक. संगणकाचा डबा दुलईत गुंडाळून मी मांडीवर घेतला होता, इरावतीच्या कुशीत पडदा. कंडक्टरनं दुलईकडं बघून विचारलं, "बाबूजी, बच्चा कितने साल का है?" इरावती चार दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिला आठवलं की ती माझ्याशी बोलत नाही, आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. पुढं सदर बाजारात ई-रिक्षा दोन स्कूटरींच्या मध्ये अडकली. उरलेली वाट मी ते बाळ कडेवर घेऊन चाललो. ओळखीच्या एका सराफानं दुकानातून नमस्कार केला. हात मोकळा नसल्यानं मी मान लववली आणि चष्मा दुलईवर पडला.

हॉल भरला होता. दोन्ही संगणक लावले, कळ दाबली आणि सगळ्या मंडळाची वीज गेली. स्वयंपाकघरात वड्यांची डाळ मिक्सरमध्ये होती. सुदैवानं सचिन पोचला होता. त्यानं बोर्ड उघडून फ्यूज बघितला आणि एवढंच म्हणाला, "एक तर वडे, नाही तर खेळ." मिक्सर शेजाऱ्यांकडं पाठवण्यात आला.

तीन डाव खेळायचे होते. पहिला डाव सुरू झाला. मी इरावतीच्या मागं उभा होतो. तिच्या पडद्यावर धुकं होतं, दाट, सकाळी खारून नदीवर असतं तसं. ती भिंतीला धरून हळूहळू जात होती. मग मी दोन पावलं सरकून पुष्करच्या मागं गेलो. तोच किल्ला, तेच धुकं, पण मलमलीसारखं. त्यातून इरावतीची आकृती सरळ दिसत होती. मला, एका डोळ्यात देशी मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्याला, दिसत होती. पुष्करनं नेम धरला. डाव संपला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इरावतीनं वळून माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मी सोसला असता.

तेवढ्यात मागून शालिग्राम ओरडले, "अरे, खुर्ची बदला ना! बसले काहून?"

"हे कॅरम नाही, शालिग्रामभाऊ," ताई म्हणाल्या.

"मग काय झालं? भिंतीवर काय लिहून हाय ते वाचा!"

आमच्या हॉलची फरशी मोरीकडं उतरती आहे. कॅरम बोर्ड कसाही ठेवा, खिडकीकडं बसणाऱ्याची सोंगटी घरंगळत भोकात जाते. फरशी दुरुस्त करायचा ठराव दर वर्षी पास होतो. तोवर उपाय म्हणून भिंतीवर एक पुठ्ठा लावला आहे: 'प्रत्येक डावानंतर खेळाडूंनी खुर्ची बदलावी.' वीस वर्षांपूर्वी लावलेला. अक्षर माझं. उतार कोणाचा दोष नाही, पण तो दोघांच्या वाट्याला सारखा यावा, एवढी साधी गोष्ट मी एका ओळीत लिहिली होती. आणि त्याच गोष्टीला परवा तीन कलमं आणि परिशिष्ट लावूनही मला ती सांगता आली नव्हती.

"खुर्ची बदला," मी म्हणालो.

दोघांनी जागा बदलल्या. अर्ध्या मिनिटात पुष्कर ओरडला, "दादी, कुछ दिख ही नहीं रहा इसमें!" लोक हसले. तो हसत नव्हता. डाव इरावतीनं जिंकला. पुष्कर खुर्ची मागं ढकलून तिला म्हणाला, "तू रोज़ ऐसे खेलती है? इसी में?"

"हव," ती मान हलवून म्हणाली.

"और फायनल तक आ गई?"

एक-एक झालं. आता तिसरा डाव कोणत्या खुर्चीवर? ताई म्हणाल्या नाणं उडवा. कोणी म्हणालं पुष्कर वयानं मोठा, त्याला निवडू द्या. कोणी म्हणालं मुलीला निवडू द्या. मग सगळे माझ्याकडं बघू लागले आणि माझे कान पुन्हा तापले.

मी उभा राहिलो. सभेत मी सहसा उभा राहात नाही. ठरावाला अनुमोदनही बसूनच देतो. "मंडळी," मी म्हणालो, "हे कार्ड मी विकत आणलं. चुकीचं आणलं, पुस्तिका जाड होती म्हणून. इरावती माझी नात आहे. आणि तरीही परवाचा माझा नियम बरोबर होता. ती माझी नात नसती तर मी तो मागं घेतला नसता. म्हणजे मी तिच्यावर अन्याय केला तो ती माझी आहे म्हणूनच. पुष्करची यात काही चूक नाही. चूक माझी." एवढं बोलून मी खाली बसलो. खुर्ची नव्हती, शालिग्रामांनी ढकलली म्हणून वाचलो.

मंदाकिनीताई कमरेची किल्ली काढून म्हणाल्या, "आता नियम, सेटिंग काही नको. वधूवर केंद्राचे संगणक आहेत ना. दोन्ही सारखे."

एका कार्यालयानं टाकून दिलेले हे जुळे संगणक. एकात वधूंची यादी आहे, दुसऱ्यात वरांची. कार्ड कोणाचंच नाही, ना नारंगी ना मोरपंखी. खेळ सगळ्यात हलका करून त्यात उतरवायला दीड तास लागला. तोवर वडाभात झाला. इरावती वधूंच्या संगणकाशी बसली, पुष्कर वरांच्या. खेळ चालत कसला होता, लग्नाच्या अल्बमसारखी एकेक पानं उलटत होती. किल्ला चौकोनी, माणसं चौकोनी, धुकं म्हणजे दोन करडे पडदे. पण दोघांसमोर तेच पडदे होते. सगळा हॉल उठून मागं उभा राहिला. रांगोळीवाल्या बायकासुद्धा आल्या. कोणत्या बाजूनं ओरडायचं हे कोणाला कळत नव्हतं, म्हणून सगळे दोघांच्याही नावानं ओरडत होते. मी कबूल करतो की पंच असूनही मला वाटत होतं इरावतीनं जिंकावं.

ती हरली. पुष्कर बुरुजामागं थांबला, ती घाईनं पुढं गेली.

मी तिच्याजवळ गेलो. "बेटा, तो संगणकच तसला—"

"नाही आबा." ती मराठीत बोलत होती. "समजून नाही राहिले तुम्ही. या वेळेस मी हारली. मी." आणि तिनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दाखवलं. मग पुष्करच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाली, "अगले साल देखती हूँ तुझे. दोनों इसी डब्बे पे."

लोक पांगले. मी दुलई घडी करत होतो तेव्हा सचिन कपाटाजवळ उभा दिसला. मंडळाचे सगळे जुने कागद मी त्या कपाटात वर्षवार लावून ठेवले आहेत.

"बाबा," तो म्हणाला, "माह्या सातवीचे कागद असतील का यात?"

असतील का! अर्ध्या मिनिटात मी दोन्ही काढून दिले. त्यानं ते खिडकीपाशी नेले, शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ बघितले. एक-एक अक्षर बघितलं. मी दुलईची घडी चौथ्यांदा घातली.

"दुसराच हाय मी, बाबा," तो शेवटी म्हणाला. "त्या पोरीचं अक्षर लय सरळ होतं." आणि हसला, सातवीत हसायचा तसा. कागद माझ्या हातात देऊन तो संगणक उचलायला गेला.

मी चष्मा पुसून ते कागद पुन्हा बघितले. आधी देशी डोळ्यानं, मग परदेशी. मला अजूनही वाटतं की सचिनचा 'श' जास्त चांगला होता. पण निकाल लागला होता, आणि तो ज्याचा त्यानं लावला होता. मी कागद जागेवर ठेवले आणि कपाटाला कुलूप घातलं.